एका सतरंजीवर बसण्याची तयारी

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी अनेकांच्या हातात लवकरच पहिली पगाराची स्लिप पडेल. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ असं लिहिलेलं असेल आणि समोर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. रक्कम किरकोळ असल्याने तिकडे फारसं कुणी बघत नाही. हा कर आला कुठून, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला दुष्काळी कामांवर गेली. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, हा विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह. त्यासाठी कायमचा पैसा हवा होता. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, मोटारगाड्यांवर आणि बागायती जमिनींवरही भार टाकला गेला आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हाच अनुभव त्याच्या पाठीशी होता. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या मजुराची चूल पेटली. जगात कुठेही अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

तरी एक उणीव राहिली. त्या कारकुनाला तो मजूर कधी भेटला नाही. आपल्या पैशातून बांधलेला नालाबांध टिकला की पहिल्याच पावसात वाहून गेला, हे त्याने कुणाला विचारलं नाही आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. पैसा जमवायची रीत आपल्याला सापडली. देणारा, करणारा आणि ज्याच्यासाठी करायचं तो, या तिघांना एकत्र बसवायचं मात्र राहून गेलं.

ते कसं करता येतं, हे नव्वदच्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दिसलं. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तो हाताळणार नाबार्ड, गावात काम करणार स्वयंसेवी संस्था आणि निर्णय घेणार गावाची पाणलोट समिती. डोंगरमाथा बहुतेक ठिकाणी वनखात्याचा आणि काम तर माथ्यापासून पायथ्याकडे करायचं. म्हणजे वनखात्यालाही बैठकीत आणणं भाग होतं. पैसे गावाची समिती आणि संस्था यांच्या संयुक्त खात्यात जमा होत. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय रुपया हलत नसे.

संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे त्यातलं नावाजलेलं गाव. या कार्यक्रमात आराखडा कार्यालयात बसून होत नसे. गटनंबरानुसार नकाशा घेऊन शेतकरी नवरा-बायको आणि तंत्रज्ञ बांधाबांधाने फिरत. कुठे माती वाहते, कुठे ताल घातली तर टिकेल, कोणत्या तुकड्यात झाडं लावायची, हे तिथल्या तिथे ठरे. बाईचं मत हटकून घेतलं जाई, कारण पाण्यासाठी किती लांब जावं लागतं हे तिलाच माहीत. मोठा निधी येण्याआधी गावाने श्रमदान करून, छोट्या तुकड्यावर काम करून आपली तयारी दाखवायची. सोबत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची.

चराईबंदीवर थोडं थांबतो. तिची पहिली झळ मेंढपाळाला आणि भूमिहीनाला बसते. विहिरीचं पाणी वाढलं की फायदा जमीनवाल्याचा, डोंगर बंद झाला की तोटा शेळीवाल्याचा. ही गोष्ट अहवालात सापडत नाही, बैठकीत शेळीवाला बसलेला असेल तरच कानावर येते. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांनी एकत्र यावं, असं मी म्हणतो ते याचसाठी. बँक, कंपनी, सरकार आणि संस्था हे चौघेच भेटून उठले, तर मी त्याला एकत्र येणं म्हणणार नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सामाजिक संस्थांसाठी शेअर बाजारात वेगळा विभागही सुरू झाला आहे. पण कायद्याने कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलं आहे आणि नंदुरबार, गडचिरोलीत कारखाने किती? जिथे गरज जास्त तिथे देणारा कमी, हे चित्र मला अस्वस्थ करतं. दुसरं दुखणं मार्चअखेरचं. पाणलोटाचं काम चार-पाच वर्षांचं आणि धनादेश एका वर्षाचा. खरं तर चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरायची सोय याच कायद्यात आहे. ती माहीत असणारा आणि साहेबांसमोर मांडणारा माणूस कंपनीच्या बैठकीत लागतो.

तो माणूस तुमच्यापैकी कुणी व्हावा, एवढं मागायला मी इथे उभा आहे. वाणिज्याच्या पदवीधरांनो, संस्थांचे हिशेब चोख करून द्या. चांगल्या कामांचा निधी कागदाअभावी अडतो. अभियंत्यांनो, चर खणण्याआधी त्या गटाच्या मालकिणीशी बोला. जे कंपनीत जातील त्यांनी उद्घाटनाला नाही गेलं तरी चालेल, तिसऱ्या वर्षी मात्र गावात नक्की जावं, बांधावरून फिरावं आणि ग्रामसभेत सतरंजीवर बसून ऐकावं. जे सरकारी सेवेत जातील त्यांनी त्या दिवशी तालुक्याला दुसरी बैठक लावू नये.

आणि गडचिरोलीला किंवा नंदुरबारला नेमणूक झाली, तर ती रद्द करून घ्यायला कुणाच्या दारात जाऊ नका. रुजू व्हा.