निवृत्तीचे वय आणि कष्टाचे वय

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



निवृत्तीचे वय वाढविल्याने नोकरदारांवर व कामगारांवर काय परिणाम होतो, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. विषय वरवर सरकारी कचेरीतला वाटतो. परंतु या सभागृहात त्याचे तिन्ही बाजूंचे लोक बसलेले आहेत. सत्तावन्न पूर्ण केलेले ज्येष्ठ आहेत; आणखी दोन वर्षे मिळाली तर मुलीचे लग्न नोकरीत असतानाच पार पडेल, असे त्यांच्या मनात असते. बी.एड. करून जागेची वाट पाहणारे तरुण आहेत. त्यांना जागा लवकर रिकामी व्हायला हवी आहे. आणि ज्यांच्या धंद्यात निवृत्ती हा शब्दच नाही, असे पालक तर सर्वांत जास्त आहेत. मी स्वतः पस्तिशी ओलांडलेला शिक्षक आहे. वय साठ झाले तर त्यात माझाही लाभ आहे. म्हणून माझे म्हणणे आपण पारखून घ्यावे, ही विनंती.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ झाले आणि १९९८ साली ५८ वरून ६० झाले. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते ५८ आहे, तर चतुर्थ श्रेणीसाठी ६० आहे. खाजगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या नियमावलीतही हाच भेद आहे. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, शिपाई ६० व्या. शेजारच्या तेलंगणाने २०२१ साली वय ६१ केले आणि आंध्र प्रदेशाने २०२२ साली ६२ केले. म्हणजे खडू तोच, फळा तोच. पण राज्याची सीमा ओलांडली की माणूस 'म्हातारा' होण्याचे वय बदलते. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी की हे वय निसर्गाने ठरविलेले नाही, राज्यकर्त्यांनी ठरविलेले आहे.

ते एका फटक्यात बदलले की काय होते, याचा धडा आंध्र प्रदेशानेच दिला. १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ५५ वर आणले. तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात हा उद्देश सांगितला गेला. हजारो कर्मचारी फेब्रुवारी अखेरीस एकदम घरी गेले. कोणाचे घर अर्धे बांधून झाले होते, कोणाचा मुलगा कॉलेजात होता. १९८४ साली वय पुन्हा ५८ करावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली वय घटविण्याचा तो निर्णय कायदेशीर ठरविला, ही गोष्ट खरी. परंतु कायद्यात बसणारी प्रत्येक गोष्ट घरच्या हिशेबात बसतेच असे नाही.

आता वय वाढविण्याच्या बाजूने काय सांगितले जाते ते पाहू. मुख्य मुद्दा आयुर्मानाचा. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या आसपास आहे. मग माणसाने जास्त वर्षे काम का करू नये? विद्यार्थी मित्रांनो, येथे गणिताची एक गंमत आहे. त्या काळी सरासरी ३२ होती म्हणजे लोक बत्तिशीत म्हातारे होऊन मरत होते असे नव्हे. असंख्य बालके पहिल्या काही वर्षांतच दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. आयुर्मानाच्या वाढीत मोठा वाटा ही बालके वाचल्याचा आहे. साठी गाठलेल्या माणसाचे पुढचे आयुष्यही वाढले आहे, पण सरासरीच्या आकड्यावरून वाटते तेवढे नाही. शिवाय जगणे वाढले म्हणजे शरीराचा जोम त्याच प्रमाणात वाढला, असेही म्हणता येत नाही.

दुसरे कारण तिजोरीचे. एकाच वर्षी हजारो लोक निवृत्त झाले की ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि पेन्शन हे सारे एकदम द्यावे लागते. वय दोन वर्षांनी पुढे ढकलले की हा खर्चही पुढे जातो. मात्र तो टळत नाही. शिवाय त्या दोन वर्षांत वरच्या श्रेणीचा पगार चालूच राहतो.

आता परिणामांकडे वळू. ज्याचे काम बसून करण्याचे आहे, ज्याला उशिरा नोकरी लागली आहे, त्याला वाढीव वर्षे हे वरदानच आहे. आपल्या समाजात असे पुष्कळ आहेत. मध्येच शाळा सुटलेली असते, घरची जबाबदारी अंगावर पडलेली असते, आणि पदवी हाती येईपर्यंत तिशी जवळ येते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप राहिली नाही. अंशदानातून किती रक्कम साठली यावर पुष्कळ अवलंबून असते. अशा माणसाच्या खात्यात शेवटच्या दोन वर्षांची भर मोठी असते, कारण पगार त्याच वेळी सर्वांत जास्त असतो.

पण कष्टकऱ्याचे काय? भिवंडी आणि मालेगाव येथील यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराकडे पहा. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसविणारा आवाज, हवेत कापसाची तूस. मजुरी कापडाच्या मीटरवर. पन्नाशीनंतर हात मंदावला, नजर कमी झाली, की मीटर कमी भरतात आणि मजुरी आपोआप खाली येते. त्याला कोणी निवृत्तीचे पत्र देत नाही, निरोप समारंभ करीत नाही. त्याचे शरीरच त्याला निवृत्त करते. त्याच्यासाठी ५८ की ६० हा वाद परक्या गावचा आहे. वृद्धापकाळी आधार म्हणून राज्याची श्रावणबाळ योजना आहे, पण तिला ६५ वर्षांची अट आणि मदत महिन्याला दीड हजार रुपये. पन्नाशीत हात थकले, तर मधली पंधरा वर्षे त्याने काय करावे?

शाळेतल्या शिपायाचेही असेच आहे. घंटा, पाणी, झाडलोट, बाके उचलणे हे अंगमेहनतीचे काम तो करतो, आणि निवृत्त मात्र माझ्यानंतर दोन वर्षांनी होतो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, "सर, दोन वर्षे मिळाली ते बरेच झाले." कारण त्याचा पगार थोडा, शिल्लक थोडी, आणि घरी खाणारी तोंडे अधिक. गुडघे नको म्हणतात आणि घर हो म्हणते. वय वाढविण्याच्या प्रश्नाचे मर्म मला येथे दिसते. गरीब कामगार जास्त वर्षे काम करायला राजी होतो तो हौसेने नव्हे. हातात पुरेशी पेन्शन नसते म्हणून. त्याच्या या नाइलाजाला त्याची संमती समजू नये.

आता तरुणांची बाजू. म्हातारे जागा अडवून बसतात म्हणून तरुण बेकार राहतात, असे सरसकट बोलले जाते. संपूर्ण देशाचा विचार केला तर ते खरे नाही. देशातील कामे काही ठराविक संख्येने मोजून ठेवलेली नसतात. कमावणारा खर्च करतो आणि त्यातून दुसऱ्याला काम मिळते. पण शाळा, कचेरी, नगरपालिका येथे पदे मंजूर असतात, मोजून ठेवलेली असतात. तेथे एक उठल्याशिवाय दुसरा बसत नाही. एखाद्या शाळेत वीस शिक्षक आहेत असे धरा. निवृत्तीचे वय एकदम दोन वर्षांनी वाढले तर दोन वर्षे तेथे वयोमानाने कोणीच निवृत्त होणार नाही. शासकीय सेवेत प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांची मर्यादा आहे. जो उमेदवार ३७ वर्षांचा आहे त्याच्यासाठी ती दोन वर्षे म्हणजे थोडा उशीर नव्हे, दार कायमचे बंद होणे आहे.

मग मार्ग कोणता? माझ्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी एकत्र झाल्या तरच वाढ न्याय्य ठरेल. वय वाढवायचे तर ते हळूहळू वाढवावे. चीनने २०२५ पासून पुरुषांचे वय ६० वरून ६३ वर नेण्यास आरंभ केला, तो पंधरा वर्षांच्या मुदतीत. दुसरे, अंगमेहनतीच्या कामात वाढीव वर्षे ऐच्छिक असावीत आणि जुन्या वयाला बाहेर पडणाऱ्याची पेन्शन कापली जाऊ नये. तिसरे, जितकी वर्षे भरती लांबेल तितकी तरुणांची वयोमर्यादा वाढवावी. हे अशक्य नाही. भरती रखडली म्हणून २०२३ साली महाराष्ट्र शासनाने काही मुदतीपुरती दोन वर्षांची सवलत दिलीच होती.

पालकहो, सरकार काय करील ते करील. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. आपले किंवा आपल्या मुलाचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर आहे का, हे आजच विचारा. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. त्यातील पेन्शनसाठी दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते आणि ती पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. मालक बदलला म्हणून जुन्या खात्यातील पैसे काढून घेतले की आधीची वर्षे पुसली जातात, म्हणून खाते पुढे चालू ठेवा. ज्यांना हा कायदा लागू नाही अशा १८ ते ४० वयाच्या असंघटित कामगारांसाठी २०१९ साली श्रमयोगी मानधन योजना निघाली. तिच्यात दरमहा थोडी रक्कम भरून साठीनंतर तीन हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्यांनो, आपल्या अब्बांचे हे कागद तुम्ही वाचा व त्यांना समजावून सांगा. तुमच्या शिक्षणाचा पहिला उपयोग घरातच होऊ द्या.

आणि शेवटी, मुलाला पंधराव्या वर्षी मागावर उभे करणाऱ्या पालकाने एवढाच हिशेब करावा. पन्नाशीत ज्याचे हात थकतील त्याची पस्तीस वर्षे तेव्हा कष्टात गेलेली असतील, आणि त्यांतील एकही वर्ष कोणत्याही वहीत नोंदलेले नसेल. त्याला आणखी चार-पाच वर्षे शाळेत राहू दिले, तर निवृत्तीच्या वयाची चर्चा ज्यांच्यासाठी होते त्यांच्या पंक्तीला तो निदान बसेल.