‘फ्रीक्वेन्सी’: तीस वर्षांपलीकडून आलेला बाबांचा आवाज

आजच्या भागात बोलूया ‘फ्रीक्वेन्सी’ या सिनेमाबद्दल. 2000 साली आला, दिग्दर्शक ग्रेगरी हॉब्लिट. सायन्स फिक्शन म्हटलं की आपल्याला यानं आणि एलियन आठवतात. इथे तसलं काहीच नाही. एक टेबल, त्यावर एक जुना रेडिओ, आणि बोलणारी दोन माणसं. अर्धी गोष्ट मी सांगणार आहे, त्यामुळे आधी सिनेमाच बघायचा असेल तर इथेच पॉज करा. शेवट मात्र सांगणार नाही, प्रॉमिस.

तर, साल 1999, न्यूयॉर्कमधलं क्वीन्स. जॉन सलिव्हन हा पोलीस डिटेक्टिव्ह. तो सहा वर्षांचा असताना, 1969 मध्ये, त्याचे फायरमन वडील फ्रँक एका गोदामाच्या आगीत गेले. घरात वडिलांचा जुना हॅम रेडिओ सापडतो. आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ऑरोरा, चमकत असतो. जॉन सेट चालू करतो आणि पलीकडून कुणीतरी बोलायला लागतं. तो माणूस 1969 मध्ये बसलेला असतो. त्याच घरात, त्याच टेबलापाशी.

आता विज्ञान किती खरं? काळाच्या पलीकडे बोलणं ही शुद्ध कल्पना. पण बाकीचं अगदीच हवेत नाही. रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या आयनोस्फिअर नावाच्या थरावरून परत फिरतात, म्हणून हॅमवाले हजारो किलोमीटर दूर बोलू शकतात. सूर्य जास्त सक्रिय असला की हा खेळ बदलतो, ऑरोराही वाढतो. सूर्याचं हे चक्र साधारण 11 वर्षांचं असतं, आणि 1969 आणि 1999 ही दोन्ही वर्षं सूर्याच्या जोरदार काळातली होती. लेखकाने धागा नीट पकडलाय.

पण मला हा सिनेमा आवडतो तो बापलेकांच्या बोलण्यासाठी. तीस वर्षांनी वडील भेटले, तर दोघं सुरुवातीला कशावर बोलतात? बेसबॉलवर! 1969 ची वर्ल्ड सिरीज, न्यूयॉर्क मेट्स विरुद्ध बाल्टिमोर ओरिओल्स. आपल्याकडेही तेच ना? बाबांशी मनातलं बोलायचं असतं आणि आपण विचारतो, ‘स्कोअर काय झाला?’

मग जॉनला कळतं की समोर आपलाच बाप आहे, आणि आग उद्यावर आलीये. तो घाईघाईत सांगतो, आत शिरल्यावर तुम्ही जी वाट धरली ती चुकली, दुसऱ्या बाजूने जा. ऐन आगीत फ्रँकला ते आठवतं आणि तो वाचतो. नंतर तो टेबलाच्या लाकडावर डाग देऊन लिहितो की मी अजून इथेच आहे, आणि 1999 मध्ये जॉनच्या डोळ्यांसमोर तीच अक्षरं उमटतात. बास, इथे अंगावर काटा येतो.

पण फुकट काही मिळत नाही. वडील वाचले म्हणून नर्स असलेली आई त्या रात्री हॉस्पिटलमध्येच राहते. तिच्या हातून एका पेशंटचा जीव वाचतो, आणि तो निघतो सीरियल किलर. पुढे तिचाच जीव धोक्यात येतो. मग मुलगा 1999 च्या फायलींमधून सांगतो आणि बाप 1969 मध्ये धावपळ करतो. खुन्याच्या बोटांचे ठसे असलेलं पाकीट बाप घरात लपवतो, मुलगा ते तीस वर्षांनी तिथूनच काढतो. हा भाग थोडा मसाला आहे, लॉजिकही मध्येमध्ये गंडतं. चालतंय.

माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळीच. आगीतून वाचलेला बाप पुढेही म्हातारा होत नाहीच. नव्या इतिहासात तो 1989 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने जातो. कारण सिगारेट. म्हणजे जॉनला वडिलांना दोनदा वाचवायचं आहे. आगीसाठी एक सूचना आणि एक क्षण पुरतो. सिगारेट मात्र फ्रँकला स्वतः सोडायची आहे, आणि उद्याही ओढायची नाहीये, परवाही नाही. मुलाच्या हातात फक्त सांगणं आहे.

आणि ते सांगणंच आपल्याला जड जातं, हो की नाही? हेल्मेट घाला, शुगर तपासून घ्या, छातीत दुखतंय तर डॉक्टरकडे चला. बाबा ‘बरं बघू’ म्हणणार, विषय बदलणार, म्हणून आपण एकदाच बोलतो आणि सोडून देतो. जॉनला तर ऑरोरा आहे तोवरच वेळ होता, तरी त्याने अवघड वाक्य बोलून टाकलं.

तेव्हा सिनेमा बघाच. ज्यांना फोन लावता येतो त्यांनी आज लावा. क्रिकेटवर बोला आधी, काही हरकत नाही. पण ठेवण्याआधी ते दुसरं वाक्यही बोला. ज्यांना आता तो नंबर लावता येत नाही, त्यांच्यासाठी हा सिनेमा जरा जास्तच जड जाईल. एकट्याने बघू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!