वरिष्ठांच्या नावाने आलेले पत्र



शिवाजी पार्कच्या या परिसरातून रोज सकाळी फोर्ट, नरिमन पॉइंटकडे जाणारा नोकरदार वर्ग मोठा आहे. त्याच नरिमन पॉइंटला मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियावर जुलै २०१६ मध्ये गुदरलेला प्रसंग या वर्गाने नीट समजून घ्यावा असा आहे. एका कर्मचाऱ्याने ई-मेल उघडला. तो रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारखा दिसत होता. सोबतची फाइल उघडताच घातक प्रणाली बँकेच्या संगणकांत शिरली. चोरट्यांनी परदेशी रकमा पाठविण्याच्या स्विफ्ट यंत्रणेचे परवलीचे शब्द मिळविले आणि १७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परदेशातील खात्यांकडे रवाना केली.

तिजोरी कुणी फोडली नव्हती; दार आतून उघडले गेले. वरून आलेल्या पत्राची तत्परतेने दखल घेणे ही आपल्याकडे कर्तव्यदक्षता मानली जाते आणि या टोळ्यांचा सारा व्यापार नेमक्या याच सद्गुणावर चालतो. टपाल आठवडाभर न उघडणारा आळशी कारकून त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही! त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले. अमेरिकी तपासयंत्रणेच्या म्हणण्यानुसार तेथे चोरट्यांनी नोकरीच्या उमेदवाराचे सोंग घेतले होते.

मग ओळखावे कसे? पत्रावर झळकणारे नाव कुणालाही घालता येते. पाहायचा तो पत्ता, ‘अ‍ॅट’ चिन्हापुढचा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. तेथे ‘एल’च्या जागी एकचा आकडा बसविलेला असतो. दुव्यावर बाण नुसता टेकवला, दाबला नाही, तरी तो कोठे नेणार हे संगणकाच्या पडद्यावर दिसते. मात्र अशुद्ध भाषेच्या खुणेवर आता विसंबू नये. बनावट पत्रेही हल्ली निर्दोष भाषेत येतात. अधिक भरवशाची खूण म्हणजे घाई आणि गुप्तता. ‘साहेब बैठकीत आहेत, फोन करू नका, रक्कम तातडीने पाठवा’ असे लिहिले असेल, तर फोन अवश्य करावा, आणि तोही पत्रातील नव्हे, आपल्या वहीतील क्रमांकावर.

युनियन बँकेची रक्कम परत मिळाली. परदेशी खात्यांचा ताळा जमत नाही हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आले आणि हालचाल झाली, म्हणून. परंतु कित्येक कार्यालयांत चूक करणारा कर्मचारी बोलणी खाण्याच्या भीतीने गप्प बसतो आणि मोलाचे तास निघून जातात. याचा दोष त्याच्याइतकाच साहेबांकडेही जातो. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका प्रत्येक घरात ठाऊक आहे. ती बेलाग कडा उतरून गेली, तेव्हा महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून वाट बंद केली. फटीची माहिती देणाऱ्याला असेच वागवावयास हवे.

चुकून दुवा दाबला गेलाच, तर संगणकाची नेटजोडणी तोडावी, संगणक विभागाला त्याच क्षणी सांगावे, परवलीचा शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावा. पैसे गेले असतील, तर १९३० हा क्रमांक फिरवावा. बँकेलाही लगेच कळवावे.