घर कुणाच्या नावावर आणि घर कुणाचं?

(ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त १ ऑक्टोबर रोजी सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन’ असा भारदस्त विषय दिला आहे. गुंतवणुकीवर मी बोलणार नाही. त्यावर आपल्या कट्ट्यावर रोज सकाळी माझ्यापेक्षा हुशार मंडळी बोलत असतात. मी आज फक्त एका फॉर्मबद्दल बोलणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आपल्यातले बरेच जण पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांमधून निवृत्त झालेले. फंडातून पैसे काढले, कर्ज घेतलं, शिफ्ट आणि ओव्हरटाइम करून हप्ते फेडले आणि हे घर झालं. बहुतेकांची आयुष्याची कमाई म्हणजे हे घरच.

२००१ साली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा मी नुकतीच बँकेतून व्हीआरएस घेतली होती. रिकामा माणूस म्हणून मला खजिनदार केलं. नॉमिनेशनचे फॉर्म तीन-तीन प्रतींत भरून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बी विंगमधले आमचे एक स्नेही होते. नाव सांगत नाही, जुन्या लोकांना कळेलच. वहिनी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे सांगतो आहे. त्यांनी नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव लिहिलं. मी विचारलं, ‘वहिनींचं का नाही?’ ते म्हणाले, ‘तिला कुठे हे सह्या-बिह्यांचं जमतंय!’ मी हसलो, फॉर्म घेतला, रजिस्टरला नोंद केली. चहा पिऊन घरी आलो.

सत्तावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला पाठ होतं. त्यांना तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘अहो, फॉर्म भरलात ते ठीक, पण मृत्युपत्रही करा.’ म्हटलं नाही. दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं वाटलं.

सहा वर्षांपूर्वी ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. मुलाचा प्रामाणिक समज असा, की बाबांनी माझं नाव लिहिलं म्हणजे घर मला दिलं. मुलगी म्हणाली, बाबा असं करणारच नाहीत. दोघांचं बोलणं बंद झालं. मुलं वाईट मुळीच नाहीत, आपल्याच अंगणात वाढलेली. एके दिवशी वहिनी मेंटेनन्सची पावती घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, मी आता कुणाच्या घरात राहते, तेवढं सांगा.’

मला उत्तर येत होतं. एकोणीस वर्षं उशिरा येत होतं.

कायदा थोडक्यात सांगतो. सदस्य वारला की सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात २०१९ साली ही दुरुस्ती झाली. सोसायटीने पत्रव्यवहार कुणाशी करायचा, बिल कुणाला पाठवायचं, एवढ्यापुरती ही सोय आहे. घर जातं ते वारसांकडे. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. वारस कोण? मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलेले. नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. आई हयात असेल तर तिचाही वाटा असतो, हे ऐकून अजून लोक दचकतात. वडील मात्र या यादीत नाहीत! आपल्यातल्या इतर धर्मांच्या मंडळींना वेगळे कायदे लागू आहेत, त्यांनी ते वकिलाकडून समजून घ्यावेत.

वहिनींच्या घरात तिघांचा एकेक तृतीयांश हिस्सा निघाला. मी मुलाला फोन केला, मुलीला केला. दिवाळीत दोघांना समोरासमोर बसवलं आणि आधी माझी चूक कबूल केली. त्याने जरा वातावरण निवळलं असावं. दोघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर केलं. कागद, फेऱ्या, वकील या सगळ्यात चौदा महिने गेले. शेअर सर्टिफिकेटवर वहिनींचं नाव चढलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या विंगला पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र केलं. ज्यांना सह्या-बिह्यांचं जमत नव्हतं, त्या आमच्या वहिनी!

मृत्युपत्राची लोकांना उगीच धास्ती वाटते. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. आपण सही करायची, दोन साक्षीदारांनी ती पाहून आपल्यासमोर सह्या करायच्या. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं बरं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलेलं आणखी बरं, म्हणजे ‘त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं’ असं कुणी म्हणत नाही. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या. मी एक मृत्युपत्र असं पाहिलं आहे की लिहिणारा ठणठणीत आणि दोन्ही साक्षीदार वर गेलेले. मत बदललं तर नवीन करता येतं, अगदी दरवर्षी.

भगिनींना एक वेगळं सांगायचं आहे. तुमच्या नावावर घर असेल आणि मूलबाळ नसेल, यजमानही नसतील, तर मृत्युपत्राशिवाय तुमच्या कमाईचं घर तुमच्या आईवडिलांच्या आधी यजमानांच्या वारसांकडे जातं. कायदा आजही असाच आहे. मला तो पटत नाही, पण एका कागदाने तो बाजूला ठेवता येतो.

बँकेचं एक. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात. जुन्या पावत्या काढून पाहा, त्यावर कुणाचं नाव आहे. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पुढे मागता येते, पण आपल्या मुलांना ती ठेव आहे हे तरी ठाऊक हवं ना! आणि मुलांनाही सांगा, लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द होतं, नवीन भरावं लागतं.

वहिनींच्या प्रकरणानंतर आम्ही तिघांनी एक काम सुरू केलं. एक जण कंपनीच्या पर्सोनेल खात्यातले, एक विमा कंपनीतले आणि मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. रजिस्टर उघडलं तर निम्म्याहून जास्त नॉमिनेशन २००१ चीच! काहींचे नॉमिनीच हयात नव्हते. आम्ही फॉर्म भरायला मदत करतो, मृत्युपत्राचा नमुना दाखवतो, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवर काढून देतो. ईपीएफची पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरसाठी थांबायची गरज नाही. दाखला कोणत्याही महिन्यात दिला तरी तिथून वर्षभर चालतो. रक्कम किती, कुणाला काय देणार, हे आम्ही विचारत नाही. पासवर्ड, ओटीपी आम्हाला सांगायचा नाही आणि आम्ही घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच केला.

आता आम्हा तिघांचीही सत्तरी उलटली आहे. ए विंगमधले दोघे गेल्या वर्षी कंपनीतून निवृत्त झाले आणि ‘वेळ जात नाही’ म्हणून तक्रार करतात. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. येताना शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा आणि शक्यतो नवरा-बायको दोघांनी या. चहा वहिनींकडून येतो.