परवलीचा शब्द आणि तोतया

पानिपतच्या रणांगणावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या मृत्यूविषयीं अनेकांच्या मनांत शंका राहिली, आणि त्या शंकेचा फायदा घेऊन "भाऊसाहेब तो मीच" असें सांगणारा एक मनुष्य पुढें उभा राहिला. १७७६ सालीं त्यानें कोंकणांत मोठें बंड माजविलें व त्याच सालीं त्याला देहान्ताची शिक्षा झाली. मराठी माणसाला 'तोतया' म्हटलें कीं हेंच प्रकरण प्रथम आठवतें. तोतयाचें बळ त्याच्या शस्त्रांत नसतें, तें त्यानें घेतलेल्या नांवांत असतें. ज्या नांवाला मान आहे तें नांव घेतलें कीं किल्ल्यांचे दरवाजे आंतूनच उघडले जातात.

आजच्या बँका, कारखाने, इस्पितळें आणि कचेऱ्या यांचे दरवाजे संगणकांत आहेत. तेथील पहारेकरी माणसाचा चेहरा पाहत नाहीं. तो नांव विचारतो, परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड विचारतो, आणि फार झालें तर मोबाईलवर आलेला अंक मागतो. तेवढें बरोबर जुळलें कीं आंत येणारा कोण, हा प्रश्न त्याच्यापुरता संपला. साहजिकच चोराला भिंत फोडण्याचें कारण उरलेलें नाहीं. २०२१ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेच्या पूर्व भागाला इंधन पुरविणाऱ्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीच्या संगणकांत चोर शिरले ते एका जुन्या, वापरांत नसलेल्या खात्याचा पासवर्ड हातीं लागल्यामुळें. त्या खात्याला दुसऱ्या पुराव्याची अट नव्हती. कंपनीला इंधनाची वाहिनी पांच-सहा दिवस बंद ठेवावी लागली आणि सुमारें ४४ लाख डॉलर खंडणी भरावी लागली.

अशा तोतयांना ओळखणाऱ्या अनेक यंत्रणा बाजारांत आहेत. प्रत्येकीची जाहिरात तीच सर्वांत हुशार असल्याचें सांगते. परंतु ज्या कचेरीवर यांतून एक निवडण्याची पाळी येते तिनें जाहिरातीपेक्षां तीन साधे प्रश्न विचारणें हिताचें आहे. यंत्रणा उभी कोठें असते? ती ओळखीचें कशाला मानते? आणि तिनें हांक मारल्यावर उठणारें कोण आहे?

या शास्त्राची मूळ कल्पना बरीच जुनी आहे. जेम्स अँडरसन या अमेरिकन तज्ज्ञानें १९८० सालीं एका अहवालांत संगणकाच्या आंतल्या शत्रूंचे प्रकार पाडले. दुसऱ्याच्या नांवानें वावरणारा तोतया हा एक. स्वतःच्याच नांवानें येऊन मिळालेल्या अधिकाराचा गैरवापर करणारा, म्हणजे आपल्या भाषेंत घरभेदी, हा दुसरा. आणि आपल्या हालचालींची नोंदच होऊं न देणारा चोरपावली हा तिसरा. पुढें १९८७ सालीं डोरोथी डेनिंग या विदुषीनें एक निबंध प्रसिद्ध केला. तिचें म्हणणें असें कीं, प्रत्येक माणसाच्या कामाला एक वळण असतें. तो केव्हां येतो, कोणते कागद उघडतो, किती वेळ बसतो, याची नोंद ठेवली तर ते वळण आंकड्यांत मांडतां येतें. आणि त्याच्या नांवानें कोणी दुसरा वावरूं लागला तर नांव तेंच राहूनही वळण बदलतें. आजच्या बहुतेक यंत्रणा या विचाराच्याच वंशज आहेत.

त्या विचाराची सत्यता २०१६ सालच्या फेब्रुवारींत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर आलेल्या प्रसंगानें पटते. चोरांनीं बँकेच्याच अधिकारपत्रांनीं न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेला ३५ आज्ञा पाठविल्या आणि एकूण सुमारें ९५ कोटी १० लाख डॉलरची मागणी केली. मोहोर प्रत्येक आज्ञेवर खरी होती. खोटें होतें तें वळण. गुरुवारची रात्र, दुसऱ्या दिवशीं ढाक्याला साप्ताहिक सुटी, आणि एका मध्यवर्ती बँकेकडून खासगी नांवांवर निघालेल्या मोठमोठ्या रकमा! बहुतेक आज्ञा अडविल्या गेल्या. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर तर 'फाउंडेशन' या शब्दाचें स्पेलिंग चुकल्यामुळें एका मधल्या बँकेनें शंका काढली म्हणून परत आले. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या एका बँकेंत पोंचलेच.

आतां पहिला प्रश्न. मोठ्या कचेऱ्यांत कोणाला कोणत्या दालनांत जाण्याची मुभा आहे याची वही बहुधा मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' या व्यवस्थेंत असते. ही वही ज्या संगणकांवर ठेवलेली असते तेथेंच कांहीं यंत्रणा आपला पहारेकरी बसवितात. मायक्रोसॉफ्टची 'डिफेंडर फॉर आयडेंटिटी' ही त्यांपैकीं एक. २०१४ सालीं विकत घेतलेल्या अओराटो या इस्रायली कंपनीच्या कामांतून ती वाढली. क्राउडस्ट्राइक कंपनीची 'फाल्कन आयडेंटिटी प्रोटेक्शन' ही दुसरी. तिचें मूळ २०२० सालीं घेतलेल्या प्रीएम्प्ट कंपनींत आहे. पहिलीचा भर संशयास्पद चाल ओळखून कळविण्यावर आणि जरूर तर खातें बंद करण्यावर आहे. दुसरी प्रवेश चालू असतांनाच मध्यें हात घालून आणखी एक पुरावा मागूं शकते.

परंतु ज्या संस्थेचें बहुतेक काम दूरच्या भाड्याच्या संगणकांवर, म्हणजे 'क्लाउड'वर, चालतें तिच्या घरांतल्या वहीपाशीं बसलेल्या पहारेकऱ्याला अर्धेंच दिसणार. तेथें मायक्रोसॉफ्टच्या 'एन्ट्रा आयडी प्रोटेक्शन'सारखी, प्रवेशाच्या वेशीवर उभी राहणारी यंत्रणा हवी. ती प्रत्येक प्रवेशाचा धोका थोडा, मध्यम कीं फार, हें ठरविते. आतां मुंबईंत असलेला मनुष्य तासाभरांत मॉस्कोहून कसा आला, त्याचा पासवर्ड चोरबाजारांत फुटला आहे काय, आपला ठावठिकाणा लपवून तो आला आहे काय, असे तिचे प्रश्न असतात. तिसरा वर्ग कोणत्याच दारापाशीं उभा राहत नाहीं. तो सर्व दारांवरच्या रोजनिशा गोळा करून वाचतो. एक्झाबीम, सेक्युरॉनिक्स आणि भारतांतील झोहो कंपनीची 'लॉग३६०' हीं या वर्गांतलीं नांवें आहेत. घरभेद्याची चाल अनेक दालनांत विखुरलेली असल्यानें ती या वर्गाला अधिक दिसते. मात्र रोजनिशा सांठवण्याचा आणि नीट लावण्याचा खर्च मोठा असतो.

दुसरा प्रश्न ओळखीचा. नियमानें चालणारी यंत्रणा चोरांच्या ठाऊक असलेल्या युक्त्या पाठ करून बसलेली असते. ज्या संगणकाचा अधिकृत वहीशीं संबंध नाहीं त्यानें साऱ्या पासवर्डांच्या गुप्त नोंदींची नक्कल मागितली, तर त्यांत वाईट आहे हें समजण्यास कोणाची संवय शिकावी लागत नाहीं. नवी युक्ति मात्र अशा यंत्रणेच्या हातून सुटते. संवयीवर चालणारी यंत्रणा नवी युक्तिही पकडूं शकते, पण तिला आधीं शिकावें लागतें. एन्ट्राची प्रवासावरून शंका घेणारी पद्धति नव्या माणसाचे १४ दिवस किंवा १० प्रवेश, यांपैकीं जें आधीं भरेल तेवढा काळ, निव्वळ निरीक्षण करते. यांत एक खोंच आहे. शिकण्याच्या काळांत तोतया आधींच घरांत असेल तर त्याचेंच वळण सरळ ठरतें! तिसरी रीत आमिषाची. कोणाच्याही मालकीचें नसलेलें एक खातें मुद्दाम मांडून ठेवावें. प्रामाणिक माणसाला तेथें कामच नसल्यामुळें त्याला लागलेला हात बहुधा चोराचाच असतो. सेंटिनेलवन कंपनीनें २०२२ सालीं घेतलेल्या अटिवो कंपनीकडे ही विद्या होती; डिफेंडरमध्येंही अशीं खातीं ठेवतां येतात.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकांत सांपडत नाहीं, तें अंकगणितांत सांपडतें. स्टेफान अॅक्सेलसन या स्वीडनमधील संशोधकानें १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, चोर फार थोडे व सज्जन फार बहुत अशा ठिकाणीं अगदीं लहान चूकही पहाऱ्याला निरुपयोगी करते. उदाहरणार्थ, पांच हजार नोकरांची कचेरी घेऊं. प्रत्येकाचे दिवसाला वीस प्रवेश धरले तर एकूण एक लाख झाले. त्यांत दहा तोतयाचे आहेत व यंत्रणा नऊ पकडते असें मानूं. सज्जनांच्या बाबतींत ती शंभरांत एकदांच चुकते असेंही मानूं. तरी खोट्या हांका झाल्या सुमारें एक हजार आणि खऱ्या नऊ! एका हांकेचा तपास दहा मिनिटांचा धरला तर रोज सुमारें १६८ तासांचें काम झालें, म्हणजे आठ तासांच्या पाळीचीं एकवीस माणसें. तीच चूक हजारांत एकावर आली तर खोट्या हांका शंभर होतात आणि तीन माणसांत काम भागतें. दहापैकीं आठच पकडणारी पण क्वचित् चुकणारी यंत्रणा, नऊ पकडणाऱ्या पण दिवसभर ओरडणाऱ्या यंत्रणेहून चांगली ठरते ती अशी. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मुलांना खोटें बोलूं नये म्हणून सांगतात. येथें तर मुलगा खोटें बोलत नाहीं, तो केवळ भित्रा आहे, तरी परिणाम तोच.

हांक ऐकूनही कोणी उठलें नाहीं याचा दाखला २०१३ सालचा आहे. अमेरिकेंतील टार्गेट या दुकानांच्या कंपनींत चोर शिरले ते शीतयंत्रांचें काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या चोरलेल्या ओळखीनें. पुढें त्यांनीं पेरलेली विषारी आज्ञावली कंपनीच्या यंत्रणेनें ओळखली. बंगळुरूच्या पहारेकऱ्यांनीं तो इशारा मिनियापोलिसच्या कचेरीला कळविला. तेथें त्यावर वेळेवर कृति झाली नाहीं आणि सुमारें चार कोटी कार्डांची माहिती गेली. याच्या उलट २०२० सालचा दाखला फायरआय कंपनीचा आहे. तिच्या एका नोकराच्या नांवावर दुसरा मोबाईल नोंदविला गेल्याचें पहाऱ्यावरील माणसांना दिसलें. ही गोष्ट अगदीं क्षुल्लक होती. नवा मोबाईल कोणीही घेतो. पण त्यांनीं त्या नोकराला विचारलें, "हा मोबाईल तुमचाच काय?" तो म्हणाला, "नाहीं." त्या एका उत्तरापासून निघालेला तपास सोलरविंड्स कंपनीच्या सुमारें १८ हजार ग्राहकांपर्यंत पोंचलेल्या दूषित आज्ञावलीपर्यंत जाऊन भिडला. मार्च महिन्यापासून अनेक घरांत पसरलेली ती कीड डिसेंबरांत उघडकीस आली.

या विचारण्याला दुसरीही बाजू आहे. वळण बदलणें हा गुन्हा नव्हे. मूल आजारी म्हणून एखादी कारकून बाई मध्यरात्रीं काम उरकते. परगांवीं गेलेला हिशेबनीस अनोळखी संगणकावरून येतो. कचेरीच्याच दूरच्या जोडणीमुळें पुण्यांतला मनुष्य सिंगापुरांत असल्याचें दिसतें. अशा माणसांच्या नांवापुढें धोक्याचे गुण चढत जातात, आणि गुण कशाचे हें न पाहतां वरिष्ठानें नुसता आंकडाच पाहिला तर प्रामाणिक माणसाची नोकरी धोक्यांत येते. भारतांत वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला. नोकरीच्या कामासाठीं व मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं संमतीवांचून माहिती वापरण्याची मुभा त्यांत आहे. जेथें कायदा मोकळीक देतो तेथें सभ्यतेनें मर्यादा घालावी लागते. म्हणून हांक कां मारली याचीं कारणें साध्या शब्दांत सांगणारी यंत्रणा निवडावी. कारण न सांगतां नुसता आंकडा दाखविणारी कितीही हुशार असली तरी दूर ठेवावी.

निवड करतांना महिनाभर दोन यंत्रणा आपल्याच घरांत शेजारीं-शेजारीं चालवून पाहाव्या. एखाद्या विश्वासू तज्ज्ञाला तोतया करून मुद्दाम आंत सोडावें. मग कोणी किती वेळांत ओळखलें, किती खोट्या हांका मारल्या आणि त्यांचा तपास करण्यास किती माणसें लागलीं, एवढें वहींत लिहावें. ज्या कचेरींत पहाऱ्याला दोनच माणसें आहेत तिनें दोन माणसांना पुरेल तेवढेंच ओरडणारी यंत्रणा घ्यावी. तिला आधीं आमिषाचीं खातीं मांडणें, जुनीं ओसाड खातीं बंद करणें व सर्वांना दुसऱ्या पुराव्याची अट घालणें हें कमी खर्चाचें काम करतां येतें. कोलोनियलच्या त्या खात्याला एवढी अट असती तर चोरलेला पासवर्ड एकटा पुरला नसता.

उरला भाग श्रोत्यांच्या घरांतल्या नोकरदार मंडळींचा. सप्टेंबर २०२२ मध्यें उबर कंपनीच्या एका कंत्राटी नोकराच्या मोबाईलवर "प्रवेशास संमति आहे काय?" अशी विचारणा पुनःपुन्हा येत राहिली, आणि अखेर त्यानें एकदां 'होय' म्हटलें. तोतया त्याच दारानें आंत गेला. अशी न मागितलेली विचारणा रात्रीं-अपरात्रीं आली तर कंटाळून बोट दाबूं नये. 'नाहीं' म्हणावें आणि सकाळची वाट न पाहतां कचेरीला कळवावें. तसेंच कचेरीच्या पहाऱ्यावरील माणसानें "कालचा प्रवेश तुमचाच ना?" असें विचारलें तर त्यांत अपमान मानूं नये. फायरआयच्या त्या नोकरानें अपमान मानला नाहीं. त्यानें खरें तें सांगितलें, आणि त्या एका उत्तरामुळें अनेक घरांतला तोतया उघडा पडला.