रस्ता गाडी ओळखतो तेव्हा

पुणे-कोल्हापूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात आनेवाडी आणि तासवडे हे टोलनाके लागतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या अशा नाक्यांवर टोल आपोआप भरणारा फास्टॅग सक्तीचा झाला.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप आपला क्रमांक कळवते. महामार्ग प्राधिकरण, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि बँका एकत्र आल्या, म्हणूनच कराडात घेतलेला टॅग देशभर चालतो.

आज टॅग नाक्याला क्रमांक कळवतो, तशीच उद्याच्या स्वयंचलित गाड्यांना सिग्नल, वळणे, रस्तादुरुस्ती यांची खबरही रस्त्याकडून मिळाली, तर प्रवास अधिक सुरक्षित होईल. त्यासाठी राज्याराज्यांत एकच तांत्रिक पद्धत हवी.

तोवर श्रोतेहो, टॅग हातात धरून दाखवू नका. काचेला आतून नीट चिकटवा.