द्राक्षमळा, वायनरी आणि शेजारची विहीर



नाशिककडच्या माणसाला द्राक्षाविषयी बोलायला सांगितले, की भाव, अवकाळी पाऊस आणि भुरी या तीन गोष्टींवर तो तासभर सहज बोलेल. आज मी त्यांतले फारसे काही बोलणार नाही. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, आणि भूगोलाच्या माणसाची नजर वेलीवरच्या घडाआधी तिच्या मुळाखालच्या खडकाकडे जाते.

आपल्या भागात द्राक्षापासून वाइन करणारे कारखाने, म्हणजे वायनऱ्या, गेल्या पंचवीस वर्षांत वाढल्या. २००१ साली राज्य सरकारने त्यासाठी वेगळे धोरणच आणले. वाइन प्यावी की पिऊ नये, हा वाद मी इथे काढत नाही. मी स्वतः घेत नाही, आणि गावोगाव या विषयावर दोन तट आहेत हेही मला ठाऊक आहे. पण जी बाग लागलेली आहे आणि जी वायनरी उभी आहे, तिच्यामुळे माती-पाणी बिघडू नये, एवढ्यावर तरी दोन्ही तटांचे जमावे.

आपला खडक काळा, बेसाल्टचा. तो पाणी फार धरून ठेवत नाही. वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत जे काय साठेल, ते आपले. म्हणून एकाने खोल बोअर घेतला, की त्याच भेगांवर जगणारी शेजाऱ्याची विहीर आटू लागते. बांध जमिनीवर असतो, बरं का. जमिनीखाली बांध नाही.

आता एक गंमत पाहा. खाण्याचे द्राक्ष मोठे, टपोरे, पातळ सालीचे लागते. त्यासाठी शेतकरी जिब्रेलिक आम्ल वापरतो, पाणी देतो, एकरी दहा-बारा टन माल काढतो. वाइनच्या द्राक्षाचे सगळे उलटे. शिराझसारख्या जातीचा मणी लहान हवा आणि साल जाड हवी, कारण रंग आणि बराचसा सुवास सालीत असतो. मणी लागल्यावर वेलीला थोडी तहान लागू दिली, तर माल कमी येतो पण रस चांगला उतरतो. एकरी चार-पाच टन पुरेत. म्हणजे इथे पाणी वाचवणे हा त्याग नव्हे. ते चांगल्या मालाचेच काम आहे.

मग शेतकरी जास्त पाणी का देतो? कारण पैसे वजनावर मिळतात. किलोला अमुक एवढाच करार असेल, तर ठिबकची नळी तासभर जास्त चालणारच. त्यात शेतकऱ्याला दोष देऊ नये. ज्या वायनऱ्या साखरेचे प्रमाण पाहून भाव देतात आणि एकरी मालाला मर्यादा घालतात, त्यांच्या करारातच पाण्याची बचत असते. मात्र मर्यादा घालायची, तर घटलेल्या वजनाची भरपाई भावात हवी.

आणि करार लेखी असावा. माझ्या मामांनी एका वायनरीच्या तोंडी शब्दावर दोन एकर वाइनची द्राक्षे लावली होती. २००८-०९ ची मंदी आली आणि माल घ्यायला गाडी आलीच नाही. ही द्राक्षे बाजारात खपत नाहीत. बी मोठे, साल जाड, कोण खाणार? मामांनी बाग उपटली. त्या सुमारास आमच्या जिल्ह्यात पुष्कळांनी उपटल्या. पर्यावरणाच्या चर्चेत हे का सांगतो, असे कोणी विचारील. वीस वर्षे टिकायची वेल पाचव्या वर्षी उपटली, तर तिला घातलेले सगळे पाणी वायाच गेले की नाही?

पाण्याचा थोडा हिशेब मांडू. शिक्षकांनी हा वर्गात फळ्यावर जरूर घालावा. शेततळे धरा ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. एप्रिल-मे महिन्यांत रोज ८ मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे समजा. रोजचे ७,२०० लिटर झाले. साठ दिवसांत ४,३२,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४३ टँकर आकाशात गेले! तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले असेल, तर एक वेळ चालेल. पण बोअरचे पाणी उपसून तळे भरायचे, म्हणजे खडकाच्या सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवायचे. तळे करायचेच, तर रुंदीपेक्षा खोली जास्त ठेवावी आणि वरून शेडनेट घालावे.

आता वायनरी. समजा, ती लहान आहे, वर्षाला ५०,००० लिटर वाइन करते. टाक्या, नळ्या, फरशी धुवायला लिटरमागे चार लिटर पाणी धरले, तर वर्षाचे दोन लाख लिटर झाले. तळ्यातून उडालेल्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी! प्रमाणाने हे पाणी थोडे, पण त्याची जात निराळी. त्यात साखर असते, आम्ल असते, यीस्ट असते. ते ओढ्यात गेले, की त्यावर जंतू वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्याकडच्या एका ओढ्याला शिळ्या ताकासारखा वास येऊ लागला. वरच्या अंगाला वायनरी होती आणि हंगाम चालू होता. खालच्या वस्तीवरच्या बायकांनी त्या ओढ्यावर धुणे नेणे बंद केले. मासे तरंगताना मी स्वतः पाहिले.

उपाय फार अवघड नाहीत. फरशीवरची साले आधी कोरडी झाडून घ्यावीत, मग पाण्याची नळी लावावी. गटाराच्या तोंडाशी जाळी बसवावी. पाणी टाकीत साठवून चुन्याने त्याचे आम्ल मारावे, हवा खेळवावी, तपासावे, आणि मगच झाडांना द्यावे. आणखी एक बारीकशी गोष्ट. टाक्या धुवायला सर्रास कॉस्टिक सोडा वापरतात. त्यातले सोडियम काळ्या मातीत गेले, की माती चिकट, घट्ट होते, पाणी मुरत नाही. त्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरले, तर धुण्याच्या पाण्यातून पालाश जातो आणि तो पिकाला चालतो. अर्थात बेताने, पालाशही अति झाला की वाईटच.

रस काढल्यावर टनामागे साधारण दोनशे किलो चोथा उरतो. तो बांधावर ढीग करून टाकू नये, पावसात त्याचा आंबट निचरा विहिरीकडे जातो. शेण, पालापाचोळा आणि थोडा चुना मिसळून, वरखाली करून त्याचे खत करावे. छाटणीच्या काड्याही पेटवू नयेत. बारीक करून ओळींमध्ये पसराव्यात, जमिनीची ओल टिकते. द्राक्षे पहाटे गार असतानाच तोडली, तर रस थंड करण्याची वीज वाचते. बाटली हलकी घ्यावी. जड बाटलीने वाइन चांगली होत नाही, नुसते भट्टीचे इंधन जास्त जळते.

आता शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजते. तेच काम आपल्या गावातल्या चार विहिरींवर मुलांकडून करून घ्या. एक विहीर वायनरीच्या खालच्या अंगाची निवडा. दोराला मीटर-मीटरवर गाठी, टोकाला दगड, आणि एक वही. एक माप दिवाळीच्या सुट्टीआधी, दुसरे मेअखेर. कठड्यावर रंगाची खूण करून नेहमी तिथूनच मोजा. पाण्याचा वास कसा आहे, तेही वहीत लिहा. मोजायला सकाळी जा, मोटार सुरू व्हायच्या आधी. उपसा चालू असताना माप खोटे येते. आणि मुलांना कठड्यावरून वाकू देऊ नका. दोर तुम्ही सोडा, गाठी मुलांना मोजू द्या.